भट्टीमागचं अंजीर

"अहो, जरा बाहेर या. हे पान बघा."

हे भट्टीच्या खोलीच्या दारात आले. हातात सांडशी तशीच. मी अंजिराचं एक पान तोडून त्यांच्यापुढं धरलं. कडेनं चहाच्या रंगाचं करपलेलं, आणि मधे सुईनं डागल्यासारखे तांबूस ठिपके.

"तांबेरा असंल," हे म्हणाले. "तूच सांगत असतीस न्हवं, अंजिराला तांबेरा येतो म्हणून."

"तांबेरा पानाच्या पाठीला येतो. हे वरनं भाजलंय. आणि बघा ना, झरोक्यासमोरचीच पानं आहेत सगळी. पलीकडच्या फांद्या हिरव्यागार आहेत."

त्यांनी भिंतीतल्या झरोक्याकडं पाहिलं. आत तेजाब उकळत होतं, आणि झरोक्यातून पिवळट तांबूस धूर बारक्या पंख्याच्या ढकलण्यानं अंगणात येत होता.

"फळंपण गळायला लागलीत," मी म्हणाले. "काल सात गळाली, आज सकाळी नऊ."

"बघतो काय ते," एवढं म्हणून हे आत गेले.

एकोणीसशे चौऱ्याण्णवचा मे महिना होता. आमचं दोघांचं त्या झाडावरून झालेलं बोलणं एवढंच. मी भांडले नव्हते, रडले नव्हते, हट्टही धरला नव्हता. तरी त्यातला शब्द न् शब्द मला आजही आठवतो.

आमचे हे, सर्जेराव साळुंखे, विट्याकडचे. तिकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. गलाई म्हणतात त्याला. मोडीचे दागिने, सोनाराच्या दुकानातला झाडलेला कचरा, सगळं भट्टीत वितळवायचं, मग तेजाबात उकळून त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं. यांच्या चुलत्यांनी शिमल्याच्या पुढं ठियोगला दुकान थाटलं होतं. ते म्हातारपणी गावी परतले आणि दुकान यांच्याकडं आलं. मी लग्न होऊन तिथं गेले ते एकोणनव्वदच्या ऑक्टोबरात. घरून निघताना सुती लुगड्यांची ट्रंक भरून नेली होती. पहिल्याच आठवड्यात कळलं, त्यातलं एकही तिथल्या थंडीच्या कामाचं नाही.

घर रस्त्याकडेला होतं. पुढं दुकान, त्यामागं भट्टीची खोली आणि तिच्या कडेनं मागच्या अंगणात जायची वाट, वर आमच्या दोन खोल्या. भट्टीच्या खोलीमागं, दक्षिणेला तोंड करून, दोन खाटा मावतील एवढं अंगण. घरमालकीण बिमला चाची शेजारीच राहायची. विधवा बाई, सफरचंदाची बाग एकटीनं सांभाळणारी. पहिल्या बर्फात तिनंच मला लोकरीचे मोजे दिले आणि चुलीपाशी बसवून पायात घालायलाही शिकवलं.

माझं माहेर दिवे घाटाच्या वर, सासवडच्या अलीकडच्या एका वाडीतलं. बापूंची, म्हणजे माझ्या वडलांची, अंजिराची बाग होती. मी अंजिराच्या पानांतच वाढले म्हणायला हरकत नाही. पाट्या भरताना खाली पानं अंथरायची, वर फळं एकेक करून मांडायची, चिकानं बोटांची कातडी सोलवटायची. पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा परत निघताना बापूंना म्हटलं, "मला चार काड्या द्या. तिकडं लावते."

बापू हसले. "तिथं बर्फ पडतो म्हणतीस, आणि अंजीर लावतीस?"

"बघते लावून."

त्यांनी दुपारभर बागेत फिरून सहा काड्या निवडल्या. बोटाएवढ्या जाड, डोळे भरलेल्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून दिल्या. म्हणाले, "मला थंडीचं काय कळत न्हाई. पर एक ध्यानात ठेव. मुळाला ऐसपैस जागा दिलीस तर हे झाड नुसतं पाल्यावर जातं. त्याला अडचणीत ठेव. पाण्याचा ताण दे. आणि फळाच्या वक्ताला ऊब मिळंल असं बघ. ऊब मिळाली तर साखर धरतंय, न्हाईतर नुसतं पाणी."

पुण्याहून अंबाला, तिथून कालका, मग बस. तीन दिवस त्या काड्या मांडीवर घेऊन बसले. सहातल्या दोन फुटल्या.

त्याच वर्षीच्या माघात बापू गेले. तार आली तेव्हा बर्फानं रस्ता बंद होता. ती माझ्या हातात पडली चौथ्या दिवशी. तोवर तिकडं राख सावडूनही झाली होती. जाऊन काय करणार? मी गेले नाही. हे माझ्याशेजारी बसून राहिले, दुपारभर दुकान बंद ठेवून. शेवटी उठले, दोन चहा करून आणले आणि परत बसले.

दुसऱ्या वर्षी भावाचं पत्र आलं. झाडं म्हातारी झाली होती, रोग फार पडत होता, म्हणून बाग काढून त्यानं सीताफळ लावलं होतं. त्याचं चुकलं असं नाही. पण पत्र वाचून मी अंगणात गेले. दोन रोपांपैकी एक पहिल्या थंडीतच गेलं होतं. दुसरं गुडघ्याएवढं होतं. बापूंच्या बागेतलं म्हणून जे काही जगात उरलं होतं ते एवढंच.

त्या झाडापायी मी काय काय केलं! डांबराचं रिकामं पिंप अर्धं कापून, बुडाला भोकं पाडून, जमिनीत पुरलं आणि रोप त्यात लावलं, मुळं अडचणीत राहावीत म्हणून. लावलं ते भट्टीच्या भिंतीला चिकटून. भिंतीच्या पलीकडच्या बाजूला भट्टी होती. कोळशाच्या आचेनं तिथले दगड दिवसभर तापत आणि सांज सरेपर्यंत कोमट राहत. बर्फ पडला तरी त्या तीन हात भिंतीवर तो टिकायचा नाही. बिमला चाची बघायला आली, पान चुरगळून वास घेतला आणि म्हणाली, "अरे, ये तो फेगड़ा है! जंगल में इतने हैं, तू गमले में पाल रही है?"

"वो जंगली है चाची. ये मेरे घर का है."

झाड वाढलं, पण फळाचं काही जमेना. नव्या फुटीवर फळं धरत ती ऐन पावसाळ्यात फुगत. तिकडचा पाऊस म्हणजे दिवसेंदिवस धुकं. फळं फाटत, आंबत, आणि जी हाती लागत ती काकडीसारखी पाणचट. पावसाळा संपला की थंडी सुरू, मग उरलेली हिरवीच राहत. दोन वर्षं असंच गेलं. तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात माझ्या ध्यानात आलं, की फांदीच्या शेंड्याला वाटाण्याएवढी बारकी फळं बसलेली असतात. ती थंडीत काळी पडून गळतात. ती जगवली तर? तर ती वसंतात फुगायला लागतील आणि पाऊस यायच्या आधी, जूनमध्ये, उन्हात पिकतील. मोठी हिरवी फळं काढून टाकली, बारकी राहू दिली. फांद्या भिंतीशी वाकवून बांधल्या, चिलाच्या, म्हणजे तिकडच्या पाइनच्या, सुकलेल्या सुया भोवती भरल्या आणि वरून गोणपाट शिवून टाकलं. मार्चअखेर गोणपाट सोडलं तेव्हा वाटाणे जिवंत होते. त्या वर्षी चार फळं पिकली. पुढच्या वर्षी, चौऱ्याण्णवला, मी पन्नासच्या वर मोजली होती.

तीच ही फळं, जी मे महिन्यात गळायला लागली होती.

त्या वर्षी अकरा हाती लागली.

पुढच्या साली, म्हणजे पंच्याण्णवला, एकही पान करपलं नाही. झाड भिंतभर पसरलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात फळं जांभळट झाली, माना टाकल्या. अंजीर तोडायची घाई करायची नसते. झाडावरून काढल्यावर ते पुढं पिकत नाही. मान वाकली, सालीला बारक्या चिरा पडल्या आणि खालच्या डोळ्यातून पाकाचा थेंब डोकावला, की मगच. असं पहिलं फळ मी सकाळी काढलं आणि चौघांत वाटलं. हे, मी, चार वर्षांची आमची वैशू आणि बिमला चाची. चाचीनं तोंडात टाकलं आणि सावकाश चघळलं. मग म्हणाली, "जंगल वाला भूल जाओ." वैशूनं बोटं चाटली. यांनी आपली फोड एका घासात संपवली, "झकास," म्हणाले आणि कामाला गेले.

मी ती फोड जिभेवर धरून तिथंच पायरीवर बसले. बापूंची बाग, दुपारचं ऊन, आईनं पाट्यांवर टाकलेली ओली फडकी. साडेपाच वर्षांत मी पहिल्यांदा त्या गावात रमल्यासारखी झाले.

ती तीन वर्षं आमची बरी गेली. पंच्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव. दर जूनला परडी परडी अंजीर निघायचं. चाचीच्या सुना मागून न्यायच्या. शिमल्याहून एक निवृत्त मास्तर खास बघायला आले आणि वहीत लिहून घेऊन गेले, गोणपाट कधी बांधायचं नि कधी सोडायचं.

यांना खोकला सुरू झाला तो शहाण्णवच्या थंडीत. तिकडं हिवाळ्यात कोण खोकत नाही? मी अडुळशाचा काढा केला, हळदीचं दूध दिलं. उन्हाळ्यात कमी व्हायचा, पुन्हा वाढायचा. जेवताना मात्र चिडायला लागले. आमटीत मीठ नाही, भाजीला तिखट नाही. वरून तिखट टाकून घ्यायचे. एकदा मला राग आला. म्हटलं, "सगळ्या गावाला माझ्या हातचं आवडतं, तुम्हालाच चालत नाही." ते खाली मान घालून जेवले. त्यानंतर जेवणाबद्दल कधी अक्षर काढलं नाही.

सत्त्याण्णवच्या दिवाळीत हे दुकानाच्या तीन पायऱ्या चढून आले आणि चौकटीला धरून उभे राहिले. ओठ निळे पडलेले. चाचीच्या मुलानं जीप काढली. शिमल्याच्या इस्पितळात आठ दिवस राहिलो. तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती, शांतपणे बोलायची. तिनं आधी छातीचा फोटो उजेडासमोर धरून पाहिला, मग विचारलं, "काम क्या करते हैं?"

यांनी सांगितलं.

"तेज़ाब का धुआँ कहाँ जाता है?"

"बाहर," हे म्हणाले. "दीवार में झरोखा है. पंखा भी है."

"फिर इतना कैसे?" ती स्वतःशीच म्हणाली. मग तिनं विचारलं, "खाने का स्वाद आता है? गंध?"

हे माझ्याकडं न बघता म्हणाले, "दो साल से नहीं."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. दोन वर्षं. आमटी, भाजी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आणि ती अंजिरं.

"सांगितलं का नाही?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"सांगून काय? तुझा सैपाक वाईट न्हवता, एवढं तुला कळाय पायजे हुतं. पर सांगायला लाज वाटली."

फुप्फुसं आतून करपली आहेत, ती परत नीट होत नाहीत, असं डॉक्टरीणबाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं. धूर बंद, भट्टी बंद, आणि जमेल तेव्हा खाली सपाटीला, उबदार हवेत जा. किती दिवस, असं मी विचारलं. तिनं माझा हात धरला, आकडा सांगितला नाही.

घरी आणलं, दुकानातच खाट टाकली, कारण जिना चढवत नव्हता. यांना झोप लागली तशी मी किल्ल्या घेतल्या आणि भट्टीची खोली उघडली. तिथं सोनं असायचं, म्हणून मी कधी जात नसे. बायकांनी जायची रीतच नव्हती. आत शिरले तशी नाकात एक कडू, धातूची झिणझिण बसली. भट्टी गार. तेजाबाच्या बरण्या ओळीनं. झरोका डाव्या हाताला होता. आतल्या बाजूनं मी तो पहिल्यांदाच पाहत होते.

तो बुजवलेला होता. पंखा काढून, भोकात गोणपाट ठासून, वरून चिखलमातीनं लिंपलेला. लिंपण अगदी नीट, थापीनं सारखं केलेलं. त्याच्याभोवती भिंत आणि छत पिवळं पडलं होतं. सगळ्या खोलीला तसाच रंग चढला होता.

मी परत येऊन खाटेपाशी बसले. यांनी डोळे उघडले. माझ्या हातातल्या किल्ल्या पाहिल्या आणि ओळखलं.

"कधी बुजवलात?" मी विचारलं.

"त्या साली." थोडा दम घेऊन म्हणाले, "पानं करपत हुती न्हवं."

"मी म्हणाले म्हणून?"

"तू काय म्हणालीस? काय सुदीक न्हाई म्हणालीस. नुसतं पान दाखवलंस." ते छताकडं बघत बोलत होते. "वाटलं, फळं उतरंपतोर बुजवू. दोन म्हैनं. मग पाइप आणून धूर वर छपराकडं न्यायचा. शिमल्याला पाइप बघूनबी आलो हुतो. मग सीझन आला, मग लग्नसराई. राहून गेलं. दार उघडं ठेवावं म्हटलं, तर सोन्याचं काम, दार उघडं ठेवून कसं करणार? आणि सवय झाली गं. वासच येईना. वास येईना तर धूर हाय असं वाटंना."

"एका झाडापायी!"

"झाडापायी कशाला?" ते म्हणाले, जरा चिडूनच. "तुजा बाप गेला तवा तुला धाडता आलं न्हाई मला. बर्फ हुता, माझ्या हातात काय न्हवतं. हे हातात हुतं."

मी उठून चहा करायला गेले.

भट्टी दिवाळीपासून बंदच होती. हिवाळा सरला तरी हे प्रवासाजोगे झाले नाहीत. डॉक्टरांनी म्हटलं, जूनमध्ये वैशूची परीक्षा झाली की हळूहळू खाली न्या. चाचीच्या मुलानं कालक्यापर्यंत गाडी द्यायचं कबूल केलं. मी आवराआवर करत होते. झाडाकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण गोणपाट मीच शिवलेलं, सवयीनं मार्चअखेर मीच सोडलं. फळं होती. मे उजाडला तरी ती हिरव्या गोट्यांसारखी टणक. मी भिंतीला हात लावला. दगड ओढ्यातल्या दगडासारखे गार.

मग कळलं. पाच वर्षं मी सगळ्यांना गोणपाटाचं कौतुक सांगत होते, पिंपाचं सांगत होते. मास्तरांनी वहीत तेच लिहून नेलं होतं. अंजीर पिकवत होती ती भट्टी. आत हे राबत होते म्हणून बाहेर फळ पिकत होतं.

हे हल्ली खाटेवर बसून, पाठीला उशा लावून, अंगणाकडच्या दारातून झाडच बघत असत. एकदा म्हणाले, "यंदा उशीर झाला न्हवं?"

मी त्याच दुपारी भट्टीची खोली उघडली. झरोक्याचं लिंपण कोयत्यानं फोडलं, गोणपाट ओढून काढलं. दोन दारं आणि झरोका दोन दिवस उघडे टाकले. तेजाबाच्या बरण्या दुसऱ्या गलाईवाल्याला देऊन टाकल्या. कोळशाची दीड पोती शिल्लक होती. तिसऱ्या दिवशी मधलं दार घट्ट लावून भट्टी पेटवली.

हे आतून हाक मारायला लागले. "मालन! भट्टी पेटलीय काय? कोण गाळतंय?"

"कोणी नाही," मी दारात येऊन म्हणाले. हात काळे, पदर खोचलेला. "भिंत गार पडलीय."

त्यांनी माझ्या काळ्या हातांकडं पाहिलं. रिकामी भट्टी जाळणं म्हणजे त्यांच्या धंद्यात वेडेपणाच. मला वाटलं, रागावतील.

"मूस काढून ठेवलीस?" त्यांनी विचारलं. "रिकामी तापली तर तडकंल. आणि कोळसा वरनं नगं टाकू, कडंनं सार. आच धरून ऱ्हाती."

अठरा दिवस मी ती भट्टी जाळली. सकाळी पेटवायची, दुपारी कोळसा सारायचा. खाटेवरून हे सांगायचे, आता भाता थोडा मार, आता राहू दे. बाजारात लोकांना वाटलं दुकान सुरू झालं. एक सोनार पुडी घेऊन आलाही. मी त्याला परत पाठवलं. चाचीनं विचारलं, मी म्हटलं, खोलीतली ओल काढतेय.

जूनच्या अकरा तारखेला पहिल्या फळानं मान टाकली. तेरा तारखेला सकाळी मी ते काढलं, उन्हात गरम असतानाच, आणि यांच्या तळहातावर ठेवलं. वैशू शाळेत गेली होती. आम्ही दोघंच होतो.

त्यांनी ते बोटांनी चाचपलं. अंजिराचे दोन भाग केले, आतला लाल गर पाहिला, एक भाग माझ्या हातात दिला.

"तुम्ही खा ना सगळं."

"मला काय कळणार? तू खा आणि मला सांग, चव कशी हाय."

मी घास घेतला. आणि सांगायला लागले. सांगणं कठीण असतं हो. गोड म्हटलं की सगळं संपतं. मी म्हटलं, आधी नुसता मऊपणा लागतो. मग मध, पण मधासारखं घशाला न लागणारं. मधेच थोडं आंबूस. बी दाताखाली कुरकुरतं, आणि ते कुरकुरलं की मागनं भाजलेल्या तिळासारखा वास येतो. हे डोळे मिटून ऐकत होते आणि स्वतःचा अर्धा भाग सावकाश चावत होते. माझ्या शब्दाशी मेळ घालून चावावं तसं. तीळ म्हटल्यावर ते थोडं हसले.

मग माझ्या तोंडून ते निघालं. तीन वर्षं गिळून धरलेलं.

"मला माहीत होतं."

त्यांनी डोळे उघडले.

"काय?"

"झरोका बुजवलेला. पंच्याण्णवच्या मेमध्ये बघितलं मी, बाहेरनं. वाटलं, पानं एवढी स्वच्छ कशी? फांदी बाजूला केली. तिथं झरोक्यात गोणपाट ठासलेलं दिसलं. कळलं मला. धूर बाहेर येत नाही म्हणजे आत राहतो, एवढं शेंबड्या पोरालाही कळेल. मी फांदी परत होती तशी केली." मी हातातलं अंजीर खाली ठेवलं. "झाड चांगलं दिसत होतं. मी विचारलंच नाही. तुम्ही खोकायला लागलात तेव्हाही नाही विचारलं. काढा करून दिला."

अंगणात ऊन होतं. चाचीच्या बागेत कुणीतरी फांद्या तोडत होतं, त्याचा आवाज येत होता. यांनी तोंडातला घास सावकाश संपवला. त्यांना दम लागायचा, त्यामुळं ते बोलत नाहीत की त्यांना बोलवत नाही, हे कळायचं नाही.

"विचारलं असतंस तरी मी खोटंच बोललो असतो," शेवटी ते म्हणाले. "म्हणालो असतो, दुसरीकडनं काढलाय धूर."

आणि बोटांना लागलेला चीक धोतराला पुसला.

हे ते माझं मन राखायला म्हणाले, की खरंच तसं होतं, ते मला ठरवता आलेलं नाही. विचारलं असतं तर ते खोटं बोलले असतेही. पण मी आत जाऊन बघितलं असतं की नाही, हा प्रश्न त्यांच्या उत्तरानं सुटत नाही.

वीस तारखेला आम्ही निघालो. विट्याला पोचेपर्यंत त्यांनी खूप सोसलं. आषाढात, घरच्या ओसरीवर, दुपारचे गेले.

मी विट्यालाच राहिले. अंगणवाडीत नोकरी लागली, वैशू शिकली, तिचं लग्न झालं. बिमला चाची होती तोवर दर उन्हाळ्यात तिचा फोन यायचा. आधी गावातल्या बूथवरून, मग मुलाच्या मोबाइलवरून. सगळ्यांची खुशाली सांगून झाली की ती झाडाचं बोलायची. गोणपाट तिनं वेळेवर बांधलं होतं, वेळेवर सोडलं होतं, पाणीही बेतानं दिलं होतं. जे जे मी करायचे ते सगळं ती करत होती. फळं धरत होती, पण हिरवीच राहत होती. पिकली तरी पाणचट. "तेरे हाथ में कुछ था, मालन," ती म्हणायची. "बता तो, मुझसे क्या छूट रहा है?"

"कुछ नहीं चाची," मी म्हणायचे. "ठंड है ना वहाँ. ऐसा ही होता है."